बघायचं राहिलेलं

आमच्या आईने जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी वाळवा तालुक्यात. तिसरीला तेव्हा जिल्ह्याचा भूगोल असायचा. नद्या, पिकं, बाजाराची गावं आणि सगळ्यात शेवटी प्रेक्षणीय स्थळं. परीक्षेत त्यावर हमखास ‘जोड्या लावा’ यायचं. मुलांकडून जोड्या पाठ करून घेता घेता आईच्याही पाठ झाल्या. पण बघायला ती कुठेच गेली नव्हती. आधी सासरचं माणसांनी भरलेलं घर, मग आम्हा दोघा भावंडांची शिक्षणं, मग आजीचं आजारपण. ‘रिटायर झाल्यावर जाऊ,’ हे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं वाक्य असेल.

रिटायर झाली, आणि चार वर्षांनी काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत.

काचबिंदू हा लबाड आजार आहे. मोतीबिंदूत धूसर दिसायला लागतं, माणूस तक्रार करतं, ऑपरेशन होतं, नजर परत येते. यात तसं काही नाही. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. डोळ्यातल्या नसेचं हळूहळू नुकसान होतं आणि नजर कडेकडेने जायला लागते. मधलं शाबूत असतं. त्यामुळे पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो आणि बाजूने येणारी मोटारसायकल मात्र दिसत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, “गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची. थेंब चुकवायचे नाहीत.”

मला तेव्हा आठवलं ते एका लग्नातलं. त्याच्या दोन वर्षं आधी कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना आई अडखळली होती, आणि चारचौघांत मी तिच्यावर खेकसले होते, “अगं, खाली बघून चाल की!” ती खाली बघूनच चालत होती. तिला खालचं दिसत नव्हतं, एवढंच.

गेल्या सप्टेंबरात मी पुण्याहून चार दिवसांची सुट्टी काढून सांगलीला गेले आणि आईला म्हटलं, “चल, तुझ्या जोड्या लावून येऊ.” आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, “लांबचं नको. साताऱ्यापर्यंत जाऊ.” रात्री बघते तर तिने चष्मा, थेंबांची बाटली आणि दशम्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या.

पेठनाक्यावरून हायवेला लागलो. कराड मागे टाकलं, सातारा ओलांडला आणि लिंब फाट्याला आत वळलो. तिथे शेतांच्या मधोमध बारा मोटेची विहीर आहे. शके 1641 ते 1646, म्हणजे सन 1719 ते 1724 या काळात श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. काठावर उभं राहीपर्यंत इथे एवढं काही असेल असं वाटतच नाही. अष्टकोनी विहीर, सुमारे 110 फूट खोल, 50 फूट व्यासाची, वरून बघितली तर शिवलिंगाच्या आकाराची. सगळ्यात नवल म्हणजे विहिरीच्या आत, पाण्याच्या वर, दगडी महाल आहे. खांबांवर गणपती, हनुमान, हत्ती, फुलं कोरलेली. मोटा ओढायला जागा पंधरा, पण एका वेळी चालायच्या त्या बारा, म्हणून हे नाव. परिसरात आंब्याची तीन हजारांवर झाडं होती आणि त्यांना इथलं पाणी जायचं, असं सांगतात.

पायऱ्यांशी आल्यावर आई थांबली. पायऱ्या मोठ्या आणि वरच्या उन्हातून एकदम आतल्या अंधारात जाणाऱ्या. काचबिंदूवाल्याला याहून अवघड काय असणार? मी म्हटलं, “वरूनच बघू या.” तर म्हणाली, “वरून फोटोत पण दिसतं की. तू पुढे हो आणि मोजत चल.” मी एक पायरी उतरायची, आकडा म्हणायचा, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरायचं. मागून कॉलेजची दहा-बारा मुलं येत होती. आम्ही वाट अडवलीय म्हणून मी ओशाळले. त्यातला एकजण म्हणाला, “सावकाश, आजी, आम्हाला काय घाई नाय.” आणि मग तेही आमच्याबरोबर आकडे म्हणायला लागले.

महालात पोचल्यावर आईने खांबावरची नक्षी तीनदा बघितली. एकदा लांबून, एकदा जवळून आणि एकदा बोटांनी. मग वर गेल्यावर मोटेची जागा दाखवून त्या मुलांना सांगायला लागली, “बैल उतरणीवर चालतात ती धाव. मोट रिकामी होते ते थारोळं. तिथून पाणी पाटात.” मुलं ऐकत होती. त्यांच्यापैकी कोणी मोट बघितलेली नव्हती. आईच्या लहानपणी तिच्या माहेरी मोट होती. मीही हे पहिल्यांदाच ऐकत होते.

दुपारी वाईवरून मेणवलीला गेलो. कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, घाटावर मेणेश्वर आणि विष्णूची देवळं. शेजारी एका छोट्या दगडी घुमटीत मोठी थोरली घंटा टांगलेली आहे. घंटेवर 1707 साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयानंतर तिकडच्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यातली ही एक. चर्चमध्ये वाजायची ती शंकराच्या दारात येऊन राहिली, आणि मेरी कोणी खरवडून काढली नाही. आईने तिथेही हात लावून बघितलं. “बाळ सापडलं,” म्हणाली.

पण मेणवलीला तिला आणायचं खरं कारण वेगळं होतं. 2004 साली आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’ आला, तेव्हा शाळेच्या बायकांबरोबर आईने तो सांगलीत टॉकीजला बघितला होता. शाळेसाठी घरोघर मुलं मागत फिरणं हे तिचं रोजचं काम होतं, ते पडद्यावर शाहरुख खान करत होता. सिनेमातलं चरणपूर उत्तर प्रदेशातलं, शूटिंग मात्र बरंचसं मेणवलीचं. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘गंगाजल’मध्ये वाई बिहार झाली होती. आई म्हणाली, “आपली कृष्णा बघ, कधी युपीत वाहते, कधी बिहारात. आणि मी इथून चार तासांवर राहून बघायला आत्ता आले.” ती हसत होती. मला काही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यवतेश्वराच्या घाटाने कासला गेलो. मला सगळ्यात धास्ती कासची होती. कास म्हणजे गालिचे. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद, नजर जाईल तिथवर. नजरच नळीतून बघितल्यासारखी उरली असेल, तर गालिचा काय दिसणार? तसंच झालं. आई मान इकडून तिकडे फिरवत राहिली आणि शेवटी म्हणाली, “मोठं आहे खरं. मला तुकड्यातुकड्यात दिसतंय.”

मग आमच्याबरोबरच्या गावातल्या गाइड मुलीने तिला वाटेकडेला बसवलं आणि बोटाने दाखवलं, “हे बघा आजी, सीतेची आसवं.” बोटाच्या पेरापेक्षा लहान निळं-जांभळं फूल. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. कासचा जांभा खडक, त्यावर मातीचा जेमतेम थर, त्यात नत्र कमी. म्हणून ती पाण्यातले सूक्ष्म जीव आपल्या बारीक पिशव्यांत ओढून घेते. पलीकडे दवबिंदू होती, पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारी. साचल्या पाण्यात वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. या पठारावर फुलणाऱ्या साडेआठशेच्या वर जाती आहेत, आणि त्यातल्या कित्येक बघायला खाली वाकावंच लागतं. 2012 साली जागतिक वारशात गेलेलं पठार लोक उभ्या उभ्या बघून, सेल्फी काढून जात होते. आई पाऊण तास बसून बघत होती. मधली नजर शाबूत होती ना! ते एवढंसं फूल तिला पुरतं दिसत होतं.

उठताना तिने गाइडला विचारलं, “कारवी कुठंय?” मुलगी म्हणाली, “टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, आजी. यंदा नाही.” आईने मनात हिशेब केलेला मला दिसला. तोंडाने एवढंच म्हणाली, “मग थेंब चुकवायला नकोत.”

परतताना पेठनाक्याच्या पुढे अंधार झाला. सांगलीत शिरताना तिने आयर्विन पुलाजवळ गाडी थांबवायला सांगितली. 1929 सालचा हा पूल, सांगलीकर पावसाळ्यात पाणी किती चढलं ते इथे येऊन बघतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये इथे पाण्याने 57 फूट ओलांडले, तेव्हा आमच्या तळमजल्यात शिरलेल्या पाण्यात आईची सगळी जुनी पुस्तकं गेली. त्यात जिल्ह्याचा भूगोलही होता. आता खाली नदी शांत होती. “तेच पाणी,” आई म्हणाली, “काल मेणवलीला बघितलेलं. अजून इथवर आलं नसेल, पण येईल.”

मग अंधारात माझ्याकडे तोंड करून म्हणाली, “तू तपासून घेतलेस का डोळे?”

नव्हते घेतले. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, हा आजार घराण्यातून येऊ शकतो, चाळिशीनंतर मुलांनी तपासून घ्यायलाच पाहिजे. मी बेचाळीस वर्षांची. सुट्टी मिळत नाही हे माझं कारण. बघायला गेलं तर तिचंही एकतीस वर्षं तेच कारण होतं.

सुट्टीचा चौथा दिवस मिरजेला दवाखान्यात गेला. अर्ध्या गोलात तोंड घालून, कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं, अशी ती तपासणी असते. आई बाहेर बाकावर बसली होती. मी आत ठिपके शोधत होते, आणि एखादा बराच वेळ दिसला नाही की छातीत धस्स व्हायचं. आई हे दर सहा महिन्यांनी करते.

सध्या माझं ठीक आहे. दरवर्षी यायला सांगितलंय. कारवी फुलेल त्या वर्षी आम्ही दोघी परत जाणार आहोत. पायऱ्या नाहीत तिथे, पण गरज पडली तर मी मोजेन.