वारा पाहून

इओलियन द्वीपसमूह सिसिलीच्या ईशान्य किनाऱ्यासमोर, तिऱ्हेनियन समुद्रात आहे. लिपारी, व्हल्कानो, सालिना, पानारेआ, स्त्रोंबोली, फिलिकुदी आणि अलिकुदी ही त्यातली वस्तीची सात बेटे, सगळी ज्वालामुखींनी समुद्रतळातून वर उभारलेली. लिपारी सर्वांत मोठे, सुमारे ३७ चौरस किलोमीटर. पानारेआ सर्वांत लहान, साडेतीन चौरस किलोमीटरही नाही. सर्वांत उंच डोंगर सालिनावर, ९६२ मीटरचा. युनेस्कोने २००० साली हा समूह जागतिक वारशात घेतला. विमानतळ एकाही बेटावर नाही. तिथे जायचे ते बोटीने, आणि बोट सुटते ती वारा पाहून.

वारा पाहून पाठ फिरवावी, असे मराठीत म्हणतात. म्हणीत थोडा शहाणपणा आहे आणि थोडा टोमणा. सांगणारा वडीलधारा असेल तर ती सावधगिरीची शिकवण होते, आणि तीच म्हण शेजाऱ्याविषयी काढली की तो संधिसाधू ठरतो. दोन्ही वेळी म्हणीतला माणूस जमिनीवर उभा असतो. त्याचे पाय स्थिर, पाठ रुंद, आणि वळायला जागा भरपूर. पाण्यावर यातले काहीच हाताशी नसते. नांगरलेली होडी वाऱ्याबरोबर फिरते खरी, पण ती नाळ वाऱ्याकडे करते. तिची पाठ आपोआप वाऱ्यापासून दूर जाते. वादळात सापडलेला नावाडीही लाट बाजूने अंगावर घेण्याऐवजी समोरून घेणे पसंत करतो. म्हणजे समुद्राचा सल्ला म्हणीच्या बरोबर उलटा निघतो. पण वारा अनुकूल असला की शिडाची होडी त्याच्याकडे पाठ करूनच धावते, आणि मग म्हण पुन्हा खरी ठरते.

या बेटांकडे जाणारी मुख्य वाट सिसिलीतल्या मिलात्सो बंदरातून निघते. हायड्रोफॉइलने लिपारी साधारण तासाभरावर, त्याच्या अलीकडे व्हल्कानो. मोठी फेरीबोट याच्या दुप्पट वेळ घेते. हायड्रोफॉइलला पोटाखाली पंखांसारखी पाती असतात. वेग वाढला की ती पाती बोटीचा सांगाडा पाण्याबाहेर उचलतात, घर्षण घटते आणि वेग आणखी वाढतो. या बोटी सिसिलीला परक्या नाहीत. मेसिनाच्या रोद्रिगेझ गोदीने बांधलेली ‘फ्रेच्या देल सोले’ १९५६ साली मेसिना ते रेज्जो या मार्गावर धावू लागली. मात्र लाट ठरावीक उंचीच्या वर गेली की ही पाती निरुपयोगी ठरतात आणि फेऱ्या थांबतात. इथे वाऱ्यांना नावे आहेत: वायव्येचा माएस्त्राले, आग्नेयेचा शिरोक्को, नैर्ऋत्येचा लिबेच्चो, ईशान्येचा ग्रेकाले. हिवाळ्यात यांपैकी कोणीही लांबची बेटे तोडून टाकू शकतो.

म्हणून बहुतेक बेटांना उतरायच्या दोन जागा आहेत. व्हल्कानोवर एका अरुंद पट्टीच्या दोन बाजूंना पोर्तो दि लेव्हान्ते आणि पोर्तो दि पोनेन्ते, म्हणजे पूर्वेचे बंदर आणि पश्चिमेचे बंदर. सालिनावर सांता मारिना आणि रिनेल्ला. स्त्रोंबोलीवर एका अंगाला स्कारी, दुसऱ्या अंगाला जिनोस्त्रा. वारा ज्या अंगाने येतो, त्याच्या विरुद्ध अंगाला पाणी शांत असते आणि लहान होड्या तिथेच आसरा घेतात. यातून एक अडचण निघते. होडीने बेटाला फेरी मारणाऱ्या पाहुण्याला बेटाची आडोशाची बाजूच निवांत पाहता येते. माएस्त्रालेच्या दिवशी एक, शिरोक्कोच्या दिवशी दुसरी. वाऱ्याच्या बाजूला बेटाचे तोंड मानले, तर पाहुणा नेहमी त्याच्या पाठीशीच पोहोचतो. हे बेटाचे दर्शन म्हणायचे की नाही, हा पहिला प्रश्न. बेट तर वळत नाही, मग त्याला पाठ आहे असे म्हणता येईल का, हा त्याच्या आधीचा.

व्हल्कानो हे मिलात्सोहून येताना लागणारे पहिले बेट. धक्क्यावर उतरताच गंधकाचा वास येतो. ग्रीक काळी इथे अग्निदेव हेफेस्टसची भट्टी मानली जाई. १८८८ ते १८९० या काळातला इथला उद्रेक हा आतापर्यंतचा शेवटचा. ज्वालामुखीतज्ज्ञ ज्युझेप्पे मेर्काल्ली याने त्याचा अभ्यास केला, आणि तशा प्रकारच्या स्फोटांना ‘व्हल्कानियन’ हे नाव रूढ झाले. २०२१ साली वायूंचे प्रमाण वाढले तेव्हा बंदराजवळच्या वस्तीला रात्री घरे सोडून राहावे लागले. त्या वेळी वारा पाहणे पुरेसे नव्हते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, वारा पडला की तो खोलगट जागी साचतो, आणि त्याला ना रंग ना वास.

वाऱ्याचा विषय या बेटांच्या नावापर्यंत जातो. होमरच्या ओडिसीच्या दहाव्या सर्गात वाऱ्यांचा कारभारी इओलस आपल्या तरंगत्या बेटावर राहतो. तो ओडिसियसला बैलाच्या कातड्याची पिशवी देतो. सगळे उलटे वारे तिच्यात कोंडलेले असतात आणि तोंड चांदीच्या दोरीने बांधलेले असते. मोकळा ठेवलेला असतो तो फक्त पश्चिमेचा वारा. नऊ दिवस ओडिसियस शिडाची दोरी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. दहाव्या दिवशी मायभूमी इथाकावरच्या शेकोट्या दिसू लागतात, आणि तेव्हाच त्याला झोप लागते. पिशवीत सोनेनाणे असेल या समजुतीने खलाशी ती उघडतात, आणि बोट पुन्हा इओलसच्या दारात येऊन पडते. दुसऱ्यांदा इओलस मदत नाकारतो.

कथा सहसा खलाशांच्या लोभाची म्हणून सांगितली जाते. तिच्यात निष्काळजीपणाचीही एक बाजू आहे. वारे बांधून ठेवले की वारा पाहायची गरजच उरत नाही. म्हणीतला सावध माणूस झोपी जाऊ शकतो. पण ओडिसियस नऊ दिवस जागाच होता, तेव्हा त्याला निष्काळजी म्हणणेही अन्यायाचे. शिवाय नकाशा पुढे ठेवला तर ही मदत विचित्र दिसते. लिपारीहून केवळ पश्चिमेच्या वाऱ्यावर निघालेली बोट इथाकाला पोहोचत नाही, ती कालाब्रियाच्या किनाऱ्यावर आदळते. इथाकाकडे जायला दक्षिणेला वळून मेसिनाची सामुद्रधुनी गाठावी लागेल. असे मोजमाप करणाऱ्यांना ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनीसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच टोला दिला होता, तो भूगोलकार स्ट्रेबोने नोंदवून ठेवला आहे: वाऱ्यांची पिशवी शिवणारा चांभार सापडेल, त्या दिवशी ओडिसियसच्या भटकंतीच्या जागाही सापडतील.

तरीही लोक चांभार शोधत राहिले. बेट तरंगते कसे, याचे उत्तर काहींनी प्युमिसमध्ये शोधले. लिपारीच्या ईशान्य अंगाला या पांढऱ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या दगडाचे डोंगर आहेत, आणि तो तिथे या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत खाणींतून काढला जाई. इओलस वाऱ्यांचा धनी कसा, याचे उत्तर रोमन लेखक प्लिनीकडे मिळते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे स्त्रोंबोलीच्या धुरावरून तिथले लोक पुढच्या तीन दिवसांचे वारे सांगत, आणि त्यावरून इओलस वाऱ्यांवर राज्य करतो असा समज पसरला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसनेही व्हल्कानोबद्दल जवळपास हेच सांगितले होते. मग इओलस हा वारा बांधणारा उरत नाही, तर वारा पाहणारा ठरतो. म्हणीचा मूळ पुरुष म्हणावा असा. फक्त त्याने पाठ फिरवल्याचे एकच उदाहरण आहे, आणि ते वाऱ्याकडे नाही, दारात परत आलेल्या पाहुण्याकडे.

लिपारी हे समूहाचे मुख्य बेट. सालिना सोडून बाकी बेटांचा नगर कारभार इथून चालतो. नवाश्मयुगात इथला ऑब्सिडियन, म्हणजे धारदार काळी ज्वालामुखी काच, मुख्य भूमी इटली आणि पलीकडच्या किनाऱ्यांवर पोहोचत होता. म्हणजे तेव्हाही होड्या होत्या आणि कोणीतरी वारा पाहत होते. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो, की निडसहून आलेले ग्रीक लोक लिपारीवर राहत आणि शेती करायला होड्यांनी इतर बेटांवर जात. दुसरा इतिहासकार डायोडोरस याच्या मते त्यांनी सुरुवातीला जमीन सामाईक ठेवली होती. काही जण शेती करीत आणि काही जण एट्रस्कन चाच्यांशी लढत. इसवी सनापूर्वी ४२७ सालच्या हिवाळ्यात अथेन्सने तीस जहाजांनिशी या बेटांवर चढाई केली, कारण उन्हाळ्यात इथे पाणी नसते. लिपारीकर शरण गेले नाहीत, आणि अथेन्सची जहाजे शेते उजाड करून परतली. आजही काही बेटांना जहाजांतून पाणी पुरवावे लागते.

१५४४ साली ऑटोमन आरमाराचा प्रमुख खैरुद्दीन बार्बारोसा याने लिपारी जिंकले आणि बहुतेक रहिवाशांना गुलाम करून नेले. त्यानंतर स्पॅनिश सत्तेला सवलती देऊन वस्ती पुन्हा बसवावी लागली. फॅसिस्ट राजवटीत लिपारीचा किल्ला राजकीय विरोधकांना ठेवायची जागा झाला. जुलै १९२९ मध्ये कार्लो रोस्सेल्ली, एमिलियो लुस्सु आणि फाउस्तो नित्ती एका मोटारबोटीतून निसटले आणि ट्युनिशियामार्गे फ्रान्सला पोहोचले. रोस्सेल्लीने बेटाकडे पाठ केली हे खरे, पण पॅरिसला जाऊन त्याने फॅसिझमविरोधी चळवळ उभारली, तो स्पेनच्या यादवीत लढला, आणि १९३७ साली फ्रान्समध्ये त्याचा खून झाला. अशा पाठ फिरवण्याला वाऱ्याला सामोरे जाणेच म्हणावे लागते.

सालिनावर केपर आणि माल्व्हाझिया द्राक्षांची शेती होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा किडीने द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, आणि सगळ्याच बेटांवरून माणसे अमेरिका व ऑस्ट्रेलियाला निघून गेली. माल्फा गावी त्या स्थलांतराचे संग्रहालय आहे. आपल्याच निघून गेलेल्या माणसांचे संग्रहालय उभारणारे गाव त्यांना दोष देते की त्यांची वाट पाहते, हे दालने पाहून ठरत नाही. पुढचे पानारेआ हे श्रीमंतांच्या उन्हाळ्याचे बेट. त्याच्या पूर्वेच्या लिस्का बियांका या खडकावर दिग्दर्शक अंतोनियोनीने १९६० च्या ‘लाव्हेंतुरा’ चित्रपटाचे चित्रण केले. त्यात सहलीला आलेल्यांपैकी एक तरुणी नाहीशी होते, सगळे तिला शोधतात, आणि हळूहळू शोध विसरून जातात.

स्त्रोंबोली ९२४ मीटर उंच आहे आणि त्याच्या विवरांत दर थोड्या मिनिटांनी लहान स्फोट होतात. पर्यटकांच्या होड्या संध्याकाळी वायव्येच्या ‘शारा देल फुओको’ या उतारासमोर इंजिन मंद करून थांबतात. दोन्ही गावे या उताराकडे पाठ करून वसलेली आहेत. जे पाहायला पाहुणे येतात, ते गावकऱ्यांच्या खिडकीतून दिसत नाही. ३० डिसेंबर २००२ रोजी याच उताराचा भाग समुद्रात कोसळला आणि त्सुनामी गावाच्या किनाऱ्यावर येऊन धडकली. ३ जुलै २०१९ च्या मोठ्या स्फोटात एका पदभ्रमण करणाऱ्याचा मृत्यू झाला. पाठ दिल्याने संकट वळसा घालत नाही, एवढे यातून दिसते. पण गाव उताराच्या पायथ्याशी असते तर ते उरलेच नसते, हेही तितकेच खरे.

पश्चिमेला फिलिकुदी. १९७१ साली सरकारने माफियाशी संबंधित संशयितांना तिथे सक्तीच्या वास्तव्यासाठी पाठवले. रहिवाशांनी दुकाने बंद केली आणि निषेध म्हणून बेटच सोडले. अखेर त्या संशयितांना सार्डिनियाजवळच्या आसिनारा बेटावर हलवण्यात आले आणि फिलिकुदीकर घरी परतले. या घटनेत म्हण पुरती कोलमडते. ज्यांनी पाठ फिरवली तेच ठाम राहिले, आणि निघून जाणे हाच बेट न सोडण्याचा उपाय ठरला. मात्र त्याच फिलिकुदीवरून आधीच्या पिढ्यांत कितीतरी जण कायमचे गेले होते. धक्क्यावर उभे राहून पाहणाऱ्याला दोन्ही होड्या सारख्याच दिसल्या असत्या.

अलिकुदी हे शेवटचे बेट. तिथे गाड्यांचे रस्ते नाहीत, दगडी पायऱ्या आहेत, आणि ओझे खेचरांवर चढते. हिवाळ्यात जेमतेम शंभर माणसे राहतात. बोट इथून मागे वळते, आणि वारा वाढला तर इथे न येताच फिलिकुदीहून वळते. तेव्हा पाठ बोट फिरवते आणि वाऱ्याला तोंड द्यायचे काम बेटावरच्यांकडे राहते. ते धैर्याने राहतात की जायला बोट नाही म्हणून राहतात, हे बाहेरून सांगता येत नाही. काहींच्या बाबतीत बहुधा त्यांनाही सांगता येणार नाही. सात बेटे फिरवूनही म्हणीचा अर्थ पक्का झाला नाही, उलट आधी जो होता तोही सैल झाला. कदाचित डोळ्यांत धूळ जाऊ नये एवढ्याचसाठी कोणीतरी ती कधी म्हटली असेल, आणि तिच्यातून धैर्य आणि भ्याडपणा वेगळे काढू पाहणे हा चांभार शोधण्यापैकीच एक उद्योग असेल.