एकात दोन, पण दोघींत एक?

खरं सांगायचं तर मला नवं यंत्र घ्यायचंच नव्हतं. माझं बरं चाललं होतं. तांदळाचा स्टीलचा उंच डबा, त्यावर आडवी लाकडी पट्टी, पट्टीला रबरबँडने बांधलेला मोबाइल आणि त्याखाली कोरा कागद. २०२०च्या लॉकडाउनपासून आठवी ते दहावीच्या मुलांना मी गणित असंच शिकवत आले आहे. मोबाइलचा कॅमेरा वरून कागदाकडे बघतो, मी लिहिते आणि मुलं आपापल्या घरी बघतात. हाताची सावली पडते, उन्हाळ्यात मोबाइल तापून बंद पडतो आणि ऐन प्रमेयाच्या मध्यात कुणाचा तरी फोन येतो. पण चालतं.

आम्ही बडोद्याचे. सासऱ्यांच्या आजोबांपासून इथेच. मागच्या वर्षी लेकीला इंटिरियर डिझाइनला प्रवेश मिळाला आणि कॉलेजने यादी हातात ठेवली. विंडोज लॅपटॉप, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि जमल्यास वेगळं ग्राफिक्स कार्ड. घरातला जुना लॅपटॉप नऊ वर्षांचा. तो सुरू होईपर्यंत चहा होतो.

पैशांचंही सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वरवरचं वाटेल. नवऱ्याची कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली. नवी नोकरी लागली, पण पगार पूर्वीच्या जेमतेम दोन तृतीयांश. शिकवणीच्या पैशांतून मी बँकेत रिकरिंग लावली होती, ती मोडून सत्तर हजार हाताशी होते. त्यात एक लॅपटॉप सहज येत होता. मग लेकच म्हणाली, "आई, टॅबलेटसारखा वापरता येणारा लॅपटॉप घेऊ या ना. मला सबमिशनला आणि तुला स्क्रीनवर पेनने लिहून शिकवायला. एकातच दोन."

मला तो विचार इतका आवडला की विचारू नका. तुम्हालाही आवडला असता. बाईच्या जातीला 'एकात दोन' म्हटलं की आधीच अर्धा सौदा पटलेला असतो. सोफा-कम-बेड आमच्याकडे आहेच. (त्यावर कुणालाही धड झोप लागत नाही, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.)

दुकानात जायच्या आधी चार दिवस मी वाचत बसले. कल्पना तशी जुनी निघाली. पेनने लिहिता येणारे विंडोजचे 'टॅबलेट पीसी' २००२ मध्येच आले होते, जाडजूड आणि महाग. खरी लाट २०१२ची. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने सरफेस आणला, मागे टेकू असलेली पाटी आणि तिला चुंबकाने चिकटणारा कीबोर्ड. लेनोवोने योगा आणला, ज्याचा पडदा बिजागरीवर पूर्ण फिरून पाठीला लागतो. त्याच वर्षी ॲपलच्या टिम कुक यांनी या सगळ्याची थट्टा केली होती. टोस्टर आणि फ्रीजही एकत्र जोडता येतील, पण वापरणाऱ्याला ते रुचणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. आणि २०१५ मध्ये ॲपलनेच आयपॅड प्रो काढला, वरून त्याला जोडायचा कीबोर्ड आणि पेन्सिल! मोठ्या कंपन्यांचंही आपल्यासारखंच असतं म्हणायचं. आधी नाही नाही म्हणायचं आणि मग हळूच करायचं.

तर आज बाजारात मुख्य जाती या दोनच. एक सुटी होणारी आणि एक फिरणारी.

दुकानातल्या मुलाने सुटी होणारी आधी काढली. "बेन, एकमां बे!" त्याने कीबोर्ड टचकन काढला, पुन्हा चिकटवला. पाटी हातात घेतली तर छान हलकी, किलोच्या आतली. मी लगेच हरखले. मग पर्समधून ए-फोर कागद काढून पडद्यावर ठेवला. तो मुलगा हसला, पण तुम्ही हे जरूर करून बघा. पडदा उभा धरला की पान किती मावतं ते अशाने नेमकं कळतं. सोळाला नऊ या प्रमाणाचा पडदा उभा धरला तर पट्टीसारखा लांबुळका होतो, गणिताची एक ओळही धड मावत नाही. तीनास दोनचा पडदा वहीच्या पानाच्या जवळ जातो. ही माहिती डब्यावर छापलेली असते, पण तिचा अर्थ कागद ठेवल्याशिवाय मला लागला नव्हता.

मग मी लिहून बघितलं. वर्गसमीकरण, एक वर्तुळ, स्पर्शिका. पेन चांगलं होतं. तळहात काचेवर टेकला तरी रेघोट्या उमटत नव्हत्या, हेही बघून घ्यायचं असतं. आणि पेनांचीसुद्धा घराणी असतात बरं का. एकाचं पेन दुसऱ्याच्या पडद्यावर चालेलच असं नाही. विंडोजच्या यंत्रांत वेगवेगळ्या पद्धती, क्रोमबुकची आणखी वेगळी, ॲपलची पेन्सिल तर फक्त आयपॅडवरच. सुटं पेन हरवलं की त्याच घराण्यातलं शोधा.

लेकीने वेगळी परीक्षा घेतली. दुकानातल्या स्टुलावर बसून तिने ते यंत्र सरळ मांडीवर ठेवलं. टेबलावर ऐटीत उभं राहणारं ते मांडीवर डुगडुगायला लागलं, मागच्या टेकूची कड मांडीत रुतायला लागली. "बसमध्ये, जिन्यात, वर्गाबाहेर मी अशीच बसते," ती म्हणाली. आणि मग किंमत विचारली. पाटीवर लावलेला आकडा बावन्न हजार होता. कीबोर्ड? वेगळा, अकरा हजार. पेन? वेगळं, सात हजार. म्हणजे सत्तर, तेही ८ जीबी रॅमवर. रॅम नंतर वाढवता येईल का, तर नाही, ती आतल्या बोर्डावर पक्की जोडलेली. घेताना असेल तेवढीच जन्मभर.

मग फिरणारी. तिला कीबोर्ड अंगचाच, म्हणून मांडीवर ठाम. पण पडदा मागे दुमडला की वजन कुठे जात नाही. दीड किलो म्हणजे दीड किलो. पाच मिनिटं हातात धरायला काही वाटत नाही, दीड तासाच्या वर्गाला मनगट बोलायला लागेल. शिवाय उलटं धरल्यावर कीबोर्डच्या कळा खालून बोटांना लागतात. त्या बंद असतात, पण सारखं वाटतं की आपण काहीतरी दाबतोय. टेबलावर तंबूसारखं उभं करून सिनेमा बघायला मात्र झकास! विंडोजचंही एक आहे. कीबोर्ड काढला की चिन्हं जरा लांब लांब होतात, पण आतली बरीचशी सॉफ्टवेअर अजून माउसच्या बारीक टोकासाठी केलेली. बोटाने आत्ता हे, आत्ता ते, असं चुकत राहतं.

कॉलेजच्या यादीतलं वेगळं ग्राफिक्स कार्ड आमच्या बजेटमध्ये या दोन्ही जातींत मिळेना. ते साहजिकच आहे. पातळ अंगात जोराचं काम म्हणजे उष्णता, आणि उष्णता बाहेर काढायला जागा लागते. एक यंत्र स्वस्तात बसत होतं, पण त्यात एआरएम पद्धतीचा प्रोसेसर होता. बॅटरी उत्तम चालते म्हणतात. पण घरांचे त्रिमितीय नकाशे काढायची सगळी सॉफ्टवेअर त्यावर चालतीलच याची खात्री दुकानदार देईना. अशा वेळी आपल्या कामाच्या सॉफ्टवेअरचं नाव घेऊन कंपनीच्या पानावर तपासा, "चालतं हो सगळं" यावर जाऊ नका.

त्या दिवशी काही न घेता परतलो. रात्री मी नागपूरच्या भावाला फोन केला. तो सिव्हिल इंजिनियर, तीन वर्षं असं सुटं होणारं यंत्र वापरतोय आणि त्याच्यावर खूश आहे. दिवसभर साइटवर उभ्यानेच नकाशा उघडतो, पेनने खुणा करतो, संध्याकाळी खोलीवर कीबोर्ड लावून अहवाल लिहितो. "ताई, माझ्यासारख्यासाठीच आहे ते," म्हणाला. मग थोडं थांबून विचारलं, "पण तुमच्याकडे ते वापरणार कोण? तू की ती?"

मी म्हटलं, दोघी.

"एकाच वेळी?"

फोन ठेवल्यावर मी दुधाच्या हिशेबाची वही घेतली आणि मागच्या पानावर आठवडाभराच्या वेळा मांडल्या. माझे वर्ग संध्याकाळी सात ते नऊ, शनिवारी दुपारीही. लेक सहाला घरी येते, खाते आणि सात वाजता कामाला बसते. सबमिशनच्या आठवड्यात तर रात्री दोनपर्यंत. दिवसा मला वेळ असतो तेव्हा यंत्र तिच्याबरोबर कॉलेजात. वहीत सातही दिवस एकमेकांवर चढले होते. भावाच्या यंत्राला दोन रूपं आहेत, पण माणूस एकच आणि वेळा वेगळ्या. आमच्याकडे माणसं दोन आणि वेळ एकच. कंपनी 'एकात दोन' म्हणते ते कामांबद्दल. त्याचा अर्थ 'दोघांत एक' असा मी माझा मीच लावून घेतला होता.

आणि वही समोर असताना दुसरंही काही दिसलं, ते लिहायला थोडं अवघड जातंय. मला माहीत होतं की वेळा जुळत नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात कोण कधी कुठे असतं हे मला झोपेतही सांगता येतं. तरी मी 'एकात दोन'ला भुलले, कारण त्यात मला स्वतःसाठी काही मागावं लागत नव्हतं. लेकीसाठी घेतलंय, जमेल तेव्हा मीही वापरेन. आणि नाही जमलं, तर डबा आणि पट्टी आहेच. ज्या शिकवणीच्या पैशांतून हे येणार होतं, त्या शिकवणीचं साधन यादीत शेवटी. तुमच्या घरातही असं काहीतरी असेल, बघा.

नवऱ्याला वही दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दर महिन्याची तिची फी तुझ्या या दोन तासांतून जाते. तो डबा आधी बदल."

आम्ही दोन वेगळ्या वस्तू घेतल्या. लेकीला साधा, बंद होतो आणि उघडतो एवढंच करणारा लॅपटॉप, यादीप्रमाणे ग्राफिक्स कार्डासकट, ५७ हजारांना. जड आहे, पाठीवरची सॅक आता खरंच सॅक वाटते. मला साधी अँड्रॉइडची टॅब, पेन डब्यातच आलेलं, २३ हजारांना. बेरीज सत्तरच्या वर दहा हजार गेली. फ्रीज बदलायचा होता तो आणखी एक वर्ष घरघरेल. बिनपडद्याची लिहायची पाटी याहून खूप स्वस्तात, तीन-चार हजारांतही मिळते, ती जुन्या लॅपटॉपला जोडून बघितली होती. पण हात इथे आणि अक्षर तिथे, माझं सातचं नऊ व्हायला लागलं. सरावाने जमतं म्हणतात. पन्नाशीजवळ मला तेवढा धीर नव्हता.

घेताना दोन गोष्टी मात्र विचारून घेतल्या. काच फुटली तर किती, आणि बॅटरी बदलून इथेच मिळेल का. अंगाला चिकटवून बंद केलेली ही यंत्रं उघडणं सोपं नसतं. सरफेस प्रोच्या २०१३च्या पहिल्या आवृत्तीला आयफिक्सिटने दुरुस्तीसोपेपणात दहापैकी एक गुण दिला होता. पुढच्या काही आवृत्त्यांत ते बरंच सुधारलं आहे. तरी विचारावं. टॅबची काच बदलायचा खर्च ऐकून मी वाटेतच जाड कव्हर घेतलं.

पहिल्या दिवशी वर्ग सुरू केला तेव्हा सावली नव्हती, फोन वाजला तो दुसऱ्या खोलीत. पायथागोरसचा त्रिकोण मी लाल, हिरवा आणि निळा काढला, चुकलेली बाजू पेन उलटं करून पुसली. मी मनातून अगदी खूश. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आता तुमचा हात दिसत नाही."

"मग?"

"काही नाही. तुमच्या बांगड्या वाजल्या की आम्हाला कळायचं, आता बेरीज येणार."

आता मी वर्गाच्या सुरुवातीला दोन मिनिटं कॅमेरा चालू ठेवते, हात हलवते आणि मगच पाटीवर जाते. तांदळाचा डबा स्वयंपाकघरात परत गेला.

लेकीला माझं पेन फार आवडलंय. रात्री स्केच काढायला टॅब मागायला येते, आठ-सव्वाआठलाच. मी कोन मोजत असते. मान वर न करता सांगते, "नऊनंतर."