वहिनींचा वरचा मजला

आमच्या साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढायचा, उतरायचा, 21 किलोमीटर. त्या दोन दिवसांत गावात खोली मिळणं कठीण. ते पाहून 2019 साली शेजारच्या वहिनींना मीच सल्ला दिला, "कर्ज काढा, वर मजला चढवा."

2020 साली करोना आला. खोल्या ओस पडल्या. वहिनींनी डबे करून हप्ते फेडले. सल्ला देणारा मी पेन्शनवर निवांत!

आता वर वर्षभर कॉलेजच्या मुली राहतात. धावपटू आले की हॉलमध्ये गाद्या, आणि उशाशी प्लॅस्टिकच्या बाटलीऐवजी तांब्या-भांडं. दोन दिवसांचे पाहुणे आनंदाचे, पण वर्षाचा संसार त्यांच्यावर टाकू नये. मास्तरला हे वहिनींनी शिकवलं.

असो.