क्युओमोंचं भाषण शिकवताना

राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गात मी दरवर्षी मारिओ क्युओमो यांचं गर्भपातावरचं एक भाषण वाचायला देते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही स्वतः कॅथलिक ना? मग तुमचं काय मत?"

मी वसईची. रविवारची मिस्सा सहसा चुकवत नाही. गर्भातला जीव हा जीवच, असं मी मानते. आणि गर्भपाताला गुन्हा ठरवणारा कायदा मला नको आहे. या दोन वाक्यांना 'आणि'ने जोडायला मला बरीच वर्षं लागली.

क्युओमो न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते, क्वीन्समधल्या इटालियन किराणा दुकानदाराचा मुलगा. १९८४ साली डेमोक्रॅटिक पक्षाने जेराल्डिन फेरारो या कॅथलिक बाईंना उपाध्यक्षपदासाठी उभं केलं. त्या गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या. अशा उमेदवाराला कॅथलिक माणूस मत तरी कसं देतो, असा जाहीर सवाल न्यूयॉर्कचे आर्चबिशप ओ'कॉनर यांनी केला होता. १३ सप्टेंबरला नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठातच जाऊन क्युओमो बोलले. चर्चची शिकवण मी आणि माझी पत्नी मानतो, पण ती कायद्याने सगळ्यांवर लादायची का, हा निराळा प्रश्न आहे, असं त्यांचं म्हणणं. घटस्फोट आणि संततिनियमन चर्चला मान्य नाही, तरी बिशप त्यांवर बंदी मागत नाहीत, याकडेही त्यांनी बोट दाखवलं.

इथे हुशार मुलं बरोबर कोंडीत पकडतात. फाशी परत आणणारी विधेयकं हेच क्युओमो १२ वर्षं, दरवर्षी नाकारत राहिले. लोकमत फाशीच्या बाजूचं होतं. मग तिथे स्वतःची नीती लादली नाही का? आक्षेप रास्त आहे. मलाही त्याने कितीतरी दिवस छळलं.

शेजारची एक जण पाच महिन्यांची गरोदर होती. सोनोग्राफीत दिसलं की बाळाची कवटीच तयार झालेली नाही. दोन रात्री आम्ही दोघींनी मिळून जपमाळ म्हटली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दवाखान्यात चल माझ्यासोबत." गेले. संमतीच्या कागदावर सही करताना तिने डाव्या मुठीत जपमाळ धरली होती. मूठ उघडली तेव्हा तळव्यावर क्रूसाचा वळ उठला होता. तिथे पोलीस नव्हता, वकील नव्हता, कारण १९७१चा आपला गर्भपाताचा कायदा होता. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका जिवाला मुकत होत्या, ते थांबावं म्हणून शांतिलाल शाह समितीने तो सुचवला होता.

फाशी नाकारणारा गव्हर्नर सरकारचा हात मागे खेचतो. गर्भपातावर बंदी आणणारा तोच हात बाईच्या पोटापर्यंत नेतो. श्रद्धा दोन्हीकडे असेल, पण भार कुणी सोसायचा हे मी त्या खोलीत पाहिलं. २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक हक्क ठरवणारा रो खटल्याचा निकाल रद्द केला, तेव्हा मला ती मूठच आठवली.

भाषणातला एक भाग मुलं चाळून सोडून देतात. ज्या बाईला मूल हवं आहे, तिला ते जन्माला घालता यावं, वाढवता यावं म्हणून समाजाने पैसा आणि आधार उभा करावा, असं क्युओमो तिथे सांगतात. त्यावर मी अख्खा तास घेते.

ती शेजारीण आजही चर्चमध्ये माझ्याच बाकावर बसते. परमप्रसादाच्या रांगेत आम्ही मागेपुढे असतो. फादरांशी ती काय बोलली, की बोललीच नाही, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.