बार्शी वळणाचं इंजिन

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात १९०४ ते १९३४ अशी तीस वर्षं वाफेची दोन इंजिनं धावली. एकाचं नाव ‘ई. आर. कॅल्थ्रॉप’, दुसऱ्याचं ‘जे. बी. अर्ल’. दोन्ही भंगारात गेली. आज ती पाहायची तर हौशी कारागिरांनी घडवलेल्या मॉडेलांतच. या इंजिनांना मराठीत श्रद्धांजली वाहायलाच हवी, कारण त्यांचं घराणं बार्शीचं.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुख्य लाइनपासून दूर राहिलेल्या बाजारपेठांपर्यंत कमी खर्चात रेल्वे न्यायची, हा त्याचा ध्यास. बार्शीची पेठ मोठी. पण माल बैलगाडीनं न्यावा लागे. कॅल्थ्रॉपनं अडीच फुटी लाइन आखली आणि १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. इंजिन असो की मालाचा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. भार असा सारखा वाटल्यामुळे यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके रूळही पुरले. लीड्सच्या किटसन कारखान्यानं त्यासाठी आठ जोडचाकांची दणकट इंजिनं बांधली. पुढे ही लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. तिनं शेतमाल वाहिला आणि आषाढी-कार्तिकीला वारकरी पंढरीला पोचवले.

बार्शीत जमलेलं हे गणित घेऊनच कॅल्थ्रॉप मॅनिफोल्ड खोऱ्याच्या कामाला लागला. वॉटरहाउसेस ते हल्म एंड ही जेमतेम तेरा किलोमीटरची लाइन. गेज तोच, अडीच फुटी. इंजिनं किटसनचीच, बार्शीच्या वळणावर बेतलेली. फक्त जोडचाकं आठांऐवजी सहा. मोठ्या गेजचा अख्खा डबा पाठीवर घेऊन जाणाऱ्या वाहक गाड्या इथे होत्या, त्यामुळे माल उतरवून पुन्हा भरायची दगदग वाचे. खोऱ्यातलं दूध या गाडीनं निघून लंडनपर्यंत जाई. पण दूध लॉरीनं जाऊ लागलं आणि लाइनचा आधारच तुटला. मार्च १९३४ मध्ये ती बंद झाली. रूळ उखडून त्या जागी पायवाट झाली. तिचा काही भाग आता मोटारींचा रस्ता आहे.

या इंजिनाचं मॉडेल जवळून न्याहाळावं. मूळ इंजिनाच्या ७६ पट लहान केलं की रुळांमधलं अंतर भरतं अवघं १० मिलिमीटर. पण एवढ्यातही नजर खिळते ती पुढच्या भल्यामोठ्या दिव्यावर. हिंदुस्थानातल्या रानातून रात्री गाडी न्यायला शोभेल असा तो दिवा इंग्लंडच्या त्या चिमुकल्या खोऱ्यात कधी लागलाच नाही, असं सांगतात. चाकांच्या बाहेरून जाणारी चौकट आणि तिच्याबाहेर फिरणाऱ्या क्रँका पाहिल्या, की एवढ्या अरुंद रुळांवर भरदार बॉयलर कसा बसवला ते कळतं. मॉडेल करणाऱ्यांनी हे प्रमाण हाताने जपलं, म्हणून आज ते डोळ्यांना दिसतं.

इकडे बार्शी लाइटवरही वाफ गेली, डिझेल आलं आणि या शतकाच्या सुरुवातीला टप्प्याटप्प्यानं सगळी लाइन ब्रॉडगेज झाली. ते गरजेचंच होतं; लातूरहून मुंबईला थेट गाडी हवीच होती. पण ज्या इंजिनावरून इंग्लंडनं आपली इंजिनं बेतली, त्याची आठवण आपणही तितक्याच निगुतीनं जपायला हवी.

कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज इथल्या घरांमध्ये जुने फोटो, पुठ्ठ्याची तिकिटं, वर्कशॉपमधले आराखडे असतील, तर ते रद्दीत घालू नका. त्यांच्या प्रती काढा, गावच्या वाचनालयात द्या, लाइनवर काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांकडून नावं आणि तारखा लिहून घ्या. बार्शीच्या इंजिनाचं अचूक मॉडेल उद्या कुणी घडवायला बसलं, तर त्याला हेच कागद लागणार आहेत.