चौथी जागा

बाबा सीओईपीचे, १९७४ ची बॅच. कॉलेजचा बोट क्लब १९२८ सालचा. तिथे ही चौकडी एकाच बोटीत वल्ही मारायची. त्यामुळे रेगाटा म्हणजे आमच्या घरी दुसरी दिवाळीच. दरवर्षी चौघं सहकुटुंब मुळेच्या काठी हजर! लहानपणी आम्हाला वैताग यायचा, पण नंतरच्या वडापावसाठी जायचो.

गेल्या वर्षी चौघांतले एक काका गेले. वाटलं, यंदा बाबा काही येत नाहीत... तर त्यांचाच फोन, "आमच्या चार जागा धरून ठेव रे." चार? मी काही विचारलं नाही.

अंधार पडला, पंटवर मशाली पेटल्या, तेवढ्यात काकांची मुलगी धापा टाकत आली आणि चौथ्या जागेवर बसली.

"उशीर करायची सवय अगदी बापाची हो!" बाबा म्हणाले.