लोणारचा चतुर

छायाचित्रणाचा नाद मला चाळिशीनंतर लागला. पहिले धडे घरच्या मनीने दिले. तिचे डोळे टिपायचे तर आपणच जमिनीवर पालथे पडावे लागते, हे तिच्यामुळे कळले. पुढे कीटकांकडे वळलो. एक चतुर हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवले. फोटो सुरेख आला. चतुर मात्र पुन्हा उडाला नाही. तो फोटो मी कोणालाच दाखवला नाही.

यंदा भल्या पहाटे लोणारला गेलो. अशनीच्या आघाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. तळाशी खारे पाणी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा जगाचे लक्ष इकडे लागले होते. माझे लक्ष होते धारेच्या गोड्या पाण्याकाठच्या एका काडीवर. माझी चाहूल लागताच तीवरचा चतुर उडाला. मी मागे धावणार, तोच वाटेवर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "थांबा ना भाऊ, येते तो वापस."

चतुराची रीतच तशी. ठरल्या जागेवरून भक्ष्यावर झेप घ्यायची आणि पुन्हा तेथेच यायचे. तो आला, बसला. मी श्वास रोखून बटण दाबले.

फोटो किंचित हलला आहे. पण हा मात्र मी वर्गात दाखवतो.